पाणथळीचं संशोधन केंद्र नेमकं चालवतं कोण?

नदीकाठची

मंडळी, इथे पाणथळींवर अधूनमधून धागे निघतात, पण चर्चा शेवटी पक्ष्यांवर नाहीतर बिल्डरांवर जाते. मला जरा वेगळं विचारायचंय. विद्यापीठाचं पाणथळ संशोधन केंद्र रोजच्या रोज चालतं कसं, आणि ते चालवणारी माणसं कोण असतात?

मी अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला राहते. शहरातून ओलेंटँजी नावाची नदी जाते, तिच्या काठाने सायकलचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यालगत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचं ५२ एकरांचं पाणथळ संशोधन उद्यान आहे. पूर्ण नाव विल्मा एच. शिअरमायर ओलेंटँजी रिव्हर वेटलँड रिसर्च पार्क. एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा. २००८ साली ते रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलं. भर शहरातली, तीही माणसांनी खणलेली पाणथळ!

केंद्र उभं केलं विल्यम मिच यांनी. गडी मुळात मेकॅनिकल इंजिनिअर. पुढे फ्लोरिडा विद्यापीठात परिसंस्थांचे अभ्यासक एच. टी. ओडम यांच्या हाताखाली पीएचडी, आणि १९८६ पासून ओहायो स्टेटमध्ये. पाणथळींचं जे पाठ्यपुस्तक जगभर लावतात त्याचे ते एक लेखक. २००४ मध्ये डेन्मार्कमधल्या स्वेन एरिक यॉर्गेनसन यांच्याबरोबर त्यांना स्टॉकहोम वॉटर प्राइज मिळालं.

इथला गाजलेला प्रयोग थोडक्यात सांगते. शेजारी शेजारी दोन तळी, प्रत्येकी एक हेक्टर, आकार मूत्रपिंडासारखा. दोन्हींत पंपाने नदीचंच पाणी, तेही सारख्याच प्रमाणात. मे १९९४ मध्ये एका तळ्यात १३ जातींची सुमारे २४०० रोपं लावली. दुसऱ्यात काहीही लावलं नाही. पाणी मिळालं की निसर्ग आपली मांडणी आपण करतो का, की माणसाने रोपं लावावीच लागतात, हे बघायचं होतं.

पंधरा वर्षांनी दोन्ही तळ्यांत मिळून ११६ जाती मोजल्या गेल्या. बहुतेक वाढ पहिल्या पाच वर्षांतच झाली. लागवड केलेल्या तळ्यात विविधता जास्त राहिली, न लावलेल्यात हिरवा माल (वनस्पतींची एकूण वाढ) जास्त निघाला. मातीतला सेंद्रिय कार्बन दहा वर्षांत दुप्पट झाला. पाणी शुद्ध करण्यात बहुतेक वर्षी दोघंही उन्नीस-बीस.

आता माझा मुद्दा. हा सगळा खटाटोप 'निसर्ग आपलं आपण करतो' हे तपासायला होता ना? पण त्यासाठी वर्षानुवर्षं पंप चालू ठेवावा लागला. नदी वर-खाली झाली की किती पाणी सोडायचं ते बदलावं लागलं. आणि रोज दोन वेळा, पहाटे आणि सूर्यास्ताला, कोणीतरी जाऊन पाण्याचं तापमान, सामू (पीएच), विरघळलेला ऑक्सिजन, गढूळपणा मोजत होतं. रोज म्हणजे रोज. बर्फातसुद्धा.

त्या 'कोणीतरी'बद्दल मला बोलायचंय. पुरस्कार मिच यांना मिळाला, योग्यच मिळाला. पण पहाटे कोण जात होतं? अशा केंद्रात काम केलेलं इथे कोणी आहे का?

---

बगळोबा

बसायला रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

पक्षी कोणते दिसतात ते लिहा की आधी! आणि रामसरचं म्हणाल तर आमची ठाण्याची खाडीही २०२२ मध्ये यादीत गेली. पाटी लागली, पाटीसमोर फोटो झाले. फ्लेमिंगोंना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

---

नदीकाठची

@बगळोबा, ग्रेट ब्लू हेरॉन हमखास. आपल्या राखी बगळ्याचा थोरला भाऊ, जागेवरून हलत नाही, फोटोला उत्तम. लाल खांद्यांचे ब्लॅकबर्ड वसंतात पाणकणसांवर बसून नुसता कल्ला करतात. बाकी पक्ष्यांसाठी वेगळा धागा काढा, इथे माणसांवर बोलू.

---

हिशेबनीस

लेख छान, पण एक खडा टाकतो. दोनच तळी? एकात लावलं, एकात नाही लावलं. म्हणजे प्रत्येक प्रकाराचा नमुना एक. दोघांत फरक दिसला तर तो लागवडीमुळे की त्या खड्ड्यातल्या मातीमुळे, हे सांगणार कसं? आमच्याकडे एमएस्सीच्या पोराने असा आराखडा आणला तर गाईड दारातूनच परत पाठवेल.

---

नदीकाठची

@हिशेबनीस, आक्षेप रास्त आहे. पण एक एक हेक्टरची दहा तळी खणायची, दहांना सारखं पाणी द्यायचं, म्हणजे जागा कुठून आणणार आणि पंपाचं बिल कोण भरणार? छोट्या टबांतले प्रयोगही तिथे होतात, त्यांत हवे तितके नमुने घेता येतात. पण टबात मस्करॅट येत नाही ना! मस्करॅट म्हणजे इथला मोठा पाणउंदीर म्हणा. मधल्या काळात या प्राण्यांनी पाणकणसाचे पट्टेच्या पट्टे फस्त केले, आणि कागदावरचे सगळे अंदाज बदलले. अख्ख्या परिसंस्थेवर प्रयोग केला की असे बिनबुलाये पाहुणे येणारच, आणि माझ्या मते तेच जास्त शिकवून जातात.

शिवाय तीच तळी दुसऱ्या प्रश्नांनाही वापरली. २००४ मध्ये पाणी पुरासारखं लोंढ्यालोंढ्याने सोडलं, २००५ मध्ये एकसारखं, आणि दोन्ही वर्षांची तुलना केली. हा लोंढा सोडायलाही वॉल्व्हपाशी माणूस लागतोच.

---

हिशेबनीस

मान्य. निदान 'दोन तळ्यांची गोष्ट' म्हणून वाचतो, 'सिद्धांत' म्हणून नाही. पाणउंदरांना माझ्यातर्फे सहलेखक करा.

---

गढूळ_पाणी

आयुष्यात पहिल्यांदा असा धागा दिसला जिथे मला खरंच काही माहीत आहे, त्यामुळे लांबण लावणार. सावध व्हा.

मी ओलेंटँजीला नव्हतो. अमेरिकेतच दक्षिणेकडच्या एका विद्यापीठाच्या पाणथळ केंद्रावर पीएचडी केली. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडं रडगाणं आहे.

आधी ते पहाट-संध्याकाळचं का असतं ते सांगतो. दिवसा पाण्यातली शेवाळं आणि वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात, पाण्यात ऑक्सिजन चढत जातो. सूर्यास्ताच्या सुमारास तो सगळ्यात वर असतो. रात्री उत्पादन बंद, श्वास मात्र सगळ्यांचा चालू: वनस्पती, जिवाणू, मासे, गाळ. त्यामुळे पहाटे ऑक्सिजन तळाला गेलेला असतो. पहाट, संध्याकाळ, पुन्हा पहाट, एवढे तीन आकडे मिळाले की तळ्याने दिवसभरात किती कमावलं आणि रात्रीत किती खर्च केलं याचा हिशेब लागतो. दुपारी बाराला जेवून-खाऊन एकच रीडिंग घेतलं तर त्याचा या हिशेबाला काडीचा उपयोग नाही. म्हणून पहाटे. प्राध्यापकांना हौस म्हणून नव्हे.

आता ते करतं कोण? आमच्याकडची उतरंड अशी. सगळ्यात वर संचालक. त्यांचं निम्मं आयुष्य अनुदानाचे अर्ज लिहिण्यात आणि देणगीदारांना लाकडी पुलावरून फिरवण्यात जायचं. (हे टोमणा म्हणून नाही. ते फिरवलं नसतं तर आमचा पगार नव्हता.) मग एक-दोन पोस्टडॉक, मग आम्ही पीएचडीवाले, मग तासावर पैसे घेणारी बीएस्सीची पोरं. आणि या सगळ्यांच्या बाजूला, उतरंडीत कुठेच न बसणारे, केंद्राचे तंत्रज्ञ.

आमचे तंत्रज्ञ साठीचे होते. पदवी बहुधा नव्हती. पंपाच्या आवाजावरून ते सांगायचे की जाळीत पानं अडकली आहेत. शरद ऋतूत नदीतून इतकी पानं यायची की तोंडाशी लावलेली जाळी सकाळी साफ केली तरी दुपारी गच्च. मग छातीपर्यंत येणारे रबरी बूट चढवून कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं आणि हाताने लगदा ओढून काढायचा. हातमोजे घातले तर बोटांना काही कळत नाही, न घातले तर बोटंच कळत नाहीत. जाळी तुंबली की आत येणारं पाणी कमी होतं. तसं झालं आणि कोणी नोंदलं नाही, तर पुढे चार वर्षांनी एखादा विद्यार्थी आलेख काढतो आणि म्हणतो, 'अरे वा, ऑक्टोबरमध्ये नायट्रेट जास्त शोषलं गेलं!' शोषलं-बिषलं काही नाही. पाणीच कमी आलं होतं, त्यामुळे ते तळ्यात जास्त वेळ थांबलं.

म्हणून ते एक वही ठेवायचे. संगणकात आकडे जायचे, वहीत बाकी सगळं. 'आज कासव पाइपात.' 'मीटर आपटला, नवीन मुलगा.' 'पाण्याला वास.' माझ्या प्रबंधातल्या विचित्र दिसणाऱ्या निम्म्या बिंदूंचा उलगडा त्या वहीत झाला. प्रबंधाच्या आभारात त्यांचं नाव पहिलं टाकलं, तर गाईड म्हणाले, क्रम जरा बघ. मी क्रम बघितला आणि तसाच ठेवला.

रडगाणं हे: ते निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली नाही. विभागाच्या हिशेबाने ते 'देखभाल खर्च' होते, संशोधन नव्हे. मग रीडिंगचं काम आम्हा विद्यार्थ्यांत वाटून दिलं. टर्म चालू असेपर्यंत ठीक. नाताळात सगळे घरी. त्या केंद्राच्या आकडेवारीत त्यानंतरच्या प्रत्येक डिसेंबरअखेर एक भोक आहे. बाहेरचा कोणी आलेख बघेल तर त्याला वाटेल, तळं सुट्टीवर गेलं होतं.

---

वाचनमात्र

@गढूळ_पाणी +१. 'मीटर आपटला, नवीन मुलगा' वाचून कार्यालयात मोठ्याने हसले, आता सगळे बघताहेत.

---

मानसवाला

मी गोव्याचा. तुमच्या पंपवाल्या काकांवरून आमच्या खाजनांची आठवण झाली. विद्यापीठ-बिद्यापीठ नाही, पण पाणथळ चालवणारी माणसं म्हणाल तर ही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खाजन म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, बांध घालून समुद्राच्या पाण्यापासून राखलेली. बांधात जागोजाग लाकडी दरवाजे, त्यांना आम्ही मानस म्हणतो. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दरवाजा आपोआप मिटतो, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. पावसाळ्यात आत मिठाला दाद न देणारं भात, एरवी मासे-कोळंबी. पूर्वी गांवकारी, म्हणजे गावाची सामायिक संस्था, हे सगळं बघायची. बांध कोणी तपासायचा, फुटला तर किती घरांनी किती माणसं द्यायची, सगळं ठरलेलं.

'आपोआप' मिटणारा दरवाजाही आपोआप चालत नाही. फळी कुजते, फटीत शिंपले बसतात, मध्येच ओंडका अडकतो. मानशीवर मासे पकडण्याच्या हक्काचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी आत आलं तर हवंच असतं, कारण मासळी त्याच्याबरोबर येते. शेतकऱ्याला ते नको. शेती पडीक होत गेली तसं शेतकऱ्याच्या बाजूने भांडणारं कोणी उरलं नाही, दरवाजे उघडे राहू लागले, आणि कित्येक खाजनांत आज भाताच्या जागी खारफुटी आहे. आता खारफुटी आली म्हणून पर्यावरणवाले खूश. मी खूश व्हायचं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही.

---

शंकासूर

मला एक कळत नाही. उद्या वीज गेली, पंप बंद पडला, तर ती ओलेंटँजीची तळी आटणार. म्हणजे ती कृत्रिमच. बागेतल्या कारंज्यात आणि त्यांच्यात फरक काय? आणि असल्या गोष्टीला रामसर कसं काय मिळतं? उद्या आमच्या सोसायटीचा पोहण्याचा तलाव पाठवतो.

---

नदीकाठची

@शंकासूर, रामसर कराराच्या व्याख्येतच 'नैसर्गिक वा कृत्रिम' असे शब्द आहेत. आपलं नांदूरमध्यमेश्वर घ्या, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. गोदावरीवर बंधारा घातला, मागे पाणी तुंबलं, गाळ साचला, बेटं झाली, पक्षी आले. तो बंधारा काही बदकांनी नाही बांधला.

आणि कृत्रिम असणं हाच तर इथे प्रयोगाचा गाभा आहे. ओहायोने आपल्या मूळच्या पाणथळींपैकी सुमारे ९० टक्के घालवल्या आहेत. अमेरिकेत याहून वाईट स्थिती फक्त कॅलिफोर्नियाची. वायव्य ओहायोत ग्रेट ब्लॅक स्वाँप नावाची अवाढव्य दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी चर खणून, जमिनीखाली मातीच्या नळ्या टाकून ती पार कोरडी केली. आज तिथे मका आणि सोयाबीनची उत्तम शेती आहे. त्या शेतांतलं खताचं पाणी अडायला मध्ये काही नाही, ते मॉमी नदीतून सरळ ईरी सरोवरात जातं आणि उन्हाळ्यात सरोवरावर हिरवा थर धरतो. ऑगस्ट २०१४ मध्ये त्या शेवाळाचं विष टोलेडो शहराच्या नळाच्या पाण्यात उतरलं आणि जवळजवळ पाच लाख लोकांना दोन-तीन दिवस ते पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. उकळूनही उपयोग नव्हता.

आता त्या भागात पुन्हा पाणथळी करायच्या झाल्या तर त्या माणसांनाच कराव्या लागणार. मग किती मोठ्या, किती खोल, रोपं लावायची की नाही, किती वर्षं काम देतील, हे कुठून कळणार? याच तळ्यांतून कळलं की खतातला फॉस्फरस अडवण्याची ताकद पंधरा वर्षांत उतरत गेली. पहिल्या दोन-तीन वर्षांचे आकडे घेऊन कोणी योजना आखली असती तर तोंडावर आपटली असती. आणि कार्बन वर्षाला हेक्टरी १८०० ते २७०० किलो साठला. हेही रोजच्या हजेरीशिवाय कळत नाही.

---

शंकासूर

ठीक, तलाव पाठवत नाही. पण मग ते मिच आता कुठे आहेत? तुम्ही 'उभं केलं' म्हणालात, 'चालवतात' नाही.

---

नदीकाठची

नेमकं पकडलंत. २०१२ मध्ये ते फ्लोरिडा गल्फ कोस्ट युनिव्हर्सिटीत गेले आणि फ्लोरिडातल्याच नेपल्सला एव्हरग्लेड्स वेटलँड रिसर्च पार्क काढलं. इथलं उद्यान विद्यापीठाकडे राहिलं, ते आजही आहे.

एका माणसाच्या जिद्दीवर उभं राहिलेलं केंद्र तो माणूस गेल्यावर कशाच्या जोरावर चालतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नव्या माणसाचे प्रश्न वेगळे असतात, ते असायलाच हवेत. त्याला जुन्या दोन तळ्यांत रस असेलच असं नाही. पण जुनी नोंद एकदा तुटली की ती मागे जाऊन जोडता येत नाही.

---

गढूळ_पाणी

यावर अजून एक. कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठाचं डेल्टा मार्शमध्ये क्षेत्रीय केंद्र होतं, १९६६ पासूनचं. पाणथळीवर काम करणाऱ्या कित्येकांनी आपापले पहिले बूट तिथे भिजवले. २०११ मध्ये मॅनिटोबा सरोवराला मोठा पूर आला, इमारतींची वाट लागली, आणि केंद्र कायमचं बंद झालं. पाणथळ तिथेच आहे. पाण्याचं काही अडत नाही हो आपल्यावाचून.

अनुदानाचं गणितही बघा. पैसे साधारण तीन वर्षांसाठी मिळतात. पीएचडी पाच वर्षांची. मातीतला कार्बन दुप्पट व्हायला दहा. म्हणजे कोणत्याही एका माणसाच्या वेळापत्रकात हा प्रयोग बसतच नाही. तो संस्थेने पोसायचा असतो, आणि संस्थेत तो पोसतो एखादा कारकून, जो दरवर्षी 'पंपाची वीज' ही ओळ अंदाजपत्रकातून खोडत नाही. पुरस्कार द्यायचाच तर एक त्यालाही.

---

बगळोबा

रुमाल उचलतो, कारण आता सविस्तर लिहायचंय.

ठाणे खाडीत आम्ही हौशी मंडळी हिवाळ्यात पक्षी मोजतो. पक्षी मोजायला माणसं मिळतात, अगदी रांग लागते. पण गेल्या वर्षी मी म्हटलं, मोजणीबरोबर पाण्याचा खारेपणा आणि ऑक्सिजनही नोंदू, मीटर मी आणतो. एका रविवारी अकरा जण आले होते, त्यांतले दहा दुर्बिणीकडे गेले. मीटरकडे आला तो एक नववीतला मुलगा, तोही बहुधा दुर्बीण मिळाली नाही म्हणून. पण पुढच्या वेळी तोच आधी विचारत आला, 'काका, मीटर कुठाय?' चिखलात ढोपरापर्यंत उतरला आणि आकडा ओरडून सांगितला, पुन्हा ओरडून सांगितला, कारण मी पाणटिवळ्यांकडे बघत होतो.

---

तळ्याकाठची_मास्तरीण

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी पश्चिम महाराष्ट्रात एका तालुक्याच्या गावी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. कॉलेजच्या मागे जुना पाझर तलाव आहे. एका टोकाला पाणकणीस माजलंय, दुसऱ्या टोकाला गावाचं सांडपाणी येतं. विद्यापीठाचं केंद्र वगैरे आमच्या नशिबी नाही. पण आत येणारं पाणी आणि बाहेर पडणारं पाणी, दोन्ही ठिकाणी पहाट-संध्याकाळ मोजणं जमेल का? ऑक्सिजनचा मीटर महाग आहे, प्राचार्य फार तर एक देतील. मुलं उत्साही आहेत, पण मे महिन्यात एकजण सापडत नाही. @गढूळ_पाणी, सुरुवात कुठून करू?

---

गढूळ_पाणी

@तळ्याकाठची_मास्तरीण, मॅडम, जमेल.

मीटर नसला तरी पाण्यातला ऑक्सिजन रसायनांनी मोजायची विंक्लर पद्धत आहेच. तुमच्या रसायनशास्त्र विभागाला ती येतेच, बाटल्या आणि टायट्रेशन. वेळ लागतो, पण बॅटरी संपत नाही. मीटर मिळालाच तर आठवड्यातून एकदा तो विंक्लरशी ताडून बघा, मीटर गोड गोड खोटं बोलतात. दोन्ही टोकांना पाण्याच्या उंचीची पट्टी रोवा. साधी रंगवलेली लोखंडी पट्टी चालेल, फक्त ती गाळात खचणार नाही अशी पक्की बसवा. पाणी किती आलं हे माहीत नसेल तर त्यातल्या नायट्रेटचा आकडा अर्धवट.

तीन ठिकाणी मोजण्याचा मोह होईल, टाळा. दोनच ठिकाणं, पण एकही दिवस न चुकता. आकड्यासमोर घेणाऱ्याचं नाव लिहा. शेरा लिहायला रुंद रकाना ठेवा, तो सगळ्यात उपयोगी पडतो. आणि वेळापत्रक करताना उलटीकडून सुरू करा: आधी मे महिना, दिवाळी आणि गणपती कोण सांभाळणार ते लिहा, मग जून. गावातच राहणारी दोन मुलं आणि कॉलेजचे शिपाई, एवढे तिघं पक्के मिळाले तर बाकीचे आले-गेले तरी चालतील. शिपायांना मात्र मानधन द्या, फुकट नको.

---

तळ्याकाठची_मास्तरीण

शिपाईमामा तलावाच्या पलीकडेच राहतात, म्हशी पाण्यावर न्यायला पहाटे तिथेच असतात. आज विचारलं. ते म्हणाले, 'आकडे घेईन मॅडम, पण म्हशी बसल्या असल्या तर त्या उठेपर्यंत थांबायचं का, ते आधी सांगा.'

---

गढूळ_पाणी

थांबायचं नाही. मोजायचं, आणि शेऱ्यात 'म्हशी' लिहायचं. किती होत्या तेही.